फिट्टंफाट

"मग ठरलं," शेजारची रूथ आपल्या स्वयंपाकघरात म्हणाली. "तू शाळेच्या बाजूने, मी विरोधात. तुझं एक मत, माझं एक मत, फिट्टंफाट. एवढ्या बर्फात कशाला हाडं मोडून घ्यायची? तू जाऊ नकोस, मी पण जात नाही. इथेच बस. कॉफी करते."

शरयूची मान हलली. कशी हलली, तिचं तिलाच कळलं नाही.

कोलंबस शहराबाहेरच्या त्या अमेरिकन वस्तीत आज मतदान होतं. शाळेसाठी घरावरचा टॅक्स वाढवायचा की नाही, एवढाच प्रश्न. नाही वाढला तर काही शिक्षकांना नारळ मिळणार होता, आणि त्यात पहिलं नाव मिस हॅन्लीचं होतं. शरयूची दीपा शाळेत गेली तेव्हा तिला फक्त मराठी येत होतं. कित्येक महिने पोर वर्गात तोंडातून अवाक्षर काढेना. मिस हॅन्ली रोज तिला शेजारी घेऊन बसायची, चित्रावर बोट ठेवायची, वाट बघायची. आता दीपा झोपेतसुद्धा इंग्लिश बोलत होती. मिस हॅन्ली गेली तर? म्हणून तर शरयू गेले तीन आठवडे थंडीत दारोदार बेल वाजवत फिरली होती. तिने दिलेलं पत्रक रूथच्या फ्रिजवरही होतं.

"पत्रक लावलंय, कारण चित्र छान आहे," रूथ म्हणाली होती. "मत मिळायचं नाही."

तिचंही काही चूक नव्हतं. नवरा गेल्यापासून पेन्शन तेवढीच, टॅक्स मात्र दर दोन-तीन वर्षांनी वर. माडीवरच्या खोल्यांची हीट तिने बंद करून टाकली होती. अजून एकदा टॅक्स वाढला, की घर विकून टोलेडोला बहिणीकडे जायचं, हे ती हसत हसत सांगायची आणि मग बराच वेळ सिंक घासत राहायची.

"पलीकडच्या गावात बघ," कॉफी ओतताना ती म्हणाली. "मोठमोठ्या कंपन्यांची ऑफिसं. टॅक्स त्या भरतात आणि पोरांना शाळेत स्विमिंग पूल. आपल्या गावात कोण आहे? तू आणि मी. सरकार आरामात बसलंय, आणि आपण दोघी एकमेकींच्या पर्समध्ये हात घालतोय."

शरयू हसली. हसू ओठांवरच राहिलं.

शाळेच्या जिममध्ये मतदान, म्हणून शाळेला सुट्टी. दीपा टेबलाखाली बसून नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरची जीवनसत्त्वांची नावं मोठ्याने वाचत होती. "राय... बो... फ्लेविन!"

"शाबास!" रूथ खाली वाकून म्हणाली. "मला अजून म्हणता येत नाही."

दुपार सरली. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत राहिला. शरयू घड्याळ बघायची, नजर वळवायची, पुन्हा बघायची. साडेसातला मतदान बंद.

"मागच्या दाराने सटकायचा विचार नाही ना?" रूथने डोळे बारीक केले. "माझं लक्ष आहे हं."

"नाही जाणार," शरयू म्हणाली. तिचे कान तापले.

अंधार पडल्यावर फोन वाजला. रूथने रिसीव्हर पुढे केला. "तुझा नवरा."

"कॅरलचा फोन होता," श्रीरंग घाईघाईने म्हणाला. कॅरल म्हणजे शाळेच्या बाजूने प्रचार करणारी. "अगदी अटीतटीचं आहे म्हणे. एकेक मत मोजावं लागणार. रूथ दिवसभर घरीच होती ना?"

"हो."

"मग झालं तर! तू फक्त गप्प बस, काही बोलू नकोस. थोडाच वेळ राहिलाय, यार."

"श्रीरंग, मला नाही बरं वाटत हे."

"दीपाचा विचार कर." त्याने फोन ठेवला.

"काय म्हणतोय?" रूथने विचारलं. "ये म्हणतोय? पटकन मत देऊन जा म्हणतोय?"

शरयूने नाही अशी मान हलवली. रूथने तिच्याकडे नीट पाहिलं आणि न मागता तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. रूथची चर्चमधली मैत्रीण गाडी घेऊन दाराशी आली होती. रूथने दार उघडलं. गार वारा आत घुसला.

"चल, रूथ! शेवटची फेरी आहे. नंतर टॅक्सचं बिल आलं की माझ्याकडे रडत येऊ नकोस!"

"नाही येत," रूथ ओरडून म्हणाली. "मी शेजारणीला शब्द दिलाय. या बाईने पोरीसाठी तीन आठवडे बर्फ तुडवला, आणि आज माझ्याखातर हातावर हात ठेवून बसलीये. ती जात नाही, तर मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

गाडी गेली. रूथ दार लावून, हात चोळत आत आली. टेबलाखाली दीपा खोक्याची दुसरी बाजू वाचत होती. एकही शब्द अडत नव्हता.

शरयूने डोळे मिटले. मग ती उठली. खुंटीवरचा रूथचा कोट काढला. पर्समधून गाडीची किल्ली काढली.

किल्ली बघून रूथचा चेहरा उतरला. "अच्छा. म्हणजे शेवटी चाललीस मत द्यायला."

"मी नाही. तुम्ही." शरयूने कोट तिच्यापुढे धरला. "हात घाला लवकर. अजून वेळ आहे, मी सोडते. मी हात धरीन, पडणार नाही तुम्ही."

"आणि आपला शब्द? तुझं मत?"

"मला मतच नाही, रूथ," शरयू म्हणाली. "आम्ही अजून या देशाचे नागरिक नाही."