एल्फांचा तिसरा काळ

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

बाबांनी पुन्हा तोंड उघडलं. "आ… ऊ… आ." अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं. वाचा परत येणार नाही, हे डॉक्टरांनी वैजयंतीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईला ते सांगायला तिची जीभ रेटेना.

"एल्फांची भाषा बोलताहेत," ती म्हणाली.

एल्फ म्हणजे इंग्रजी परीकथांतले टोकदार कानांचे जंगलातले लोक; ते आणि त्यांची मनानं रचलेली भाषा, हा बाबांचा नाद साऱ्या बुऱ्हाणपूरला ठाऊक होता. शाळेत शिकवून आले की ते त्या भाषेचा इतिहास लिहीत बसत.

"तिसऱ्या काळात व्यंजनं झिजतात, आई. प'चा फ होतो, फ'चा ह. शेवटी तोही गळतो. नुसते स्वर राहतात."

"अस्सं. मग म्हणतात तरी काय?"

"दुखत नाही म्हणतात. अन् तू जेवून घे."

आई क्षणभर बाबांकडे बघत राहिली. मग तिनं डबा उघडून दोघींना वाढलं. वैजयंतीला हायसं वाटलं.

पुढं रोज तेच. बाबा आवाज काढायचे, ती अर्थ सांगायची. रात्रीची गोळी चुकवू नको म्हणतात. इच्छादेवीला माझा नमस्कार सांग म्हणतात. शेवटच्या दिवशी म्हणाली, "तृप्त आहे म्हणतात." आईनं मान हलवली.

तेराव्यानंतर बाबांचा जुना विद्यार्थी योगेंद्र आला. तो मोबाइलवरचे गेम बनवायचा.

"ताई, सरांची एल्फवाली भाषा मला गेममध्ये घ्यायची है. आता तुम्हीच शिकवा."

वैजयंती गडबडली. चार नियमांपलीकडे तिला काही येत नव्हतं.

"तिला नाही येत," मेथी निवडता निवडता आई म्हणाली. "मी शिकवते."

"काकू, तुम्हाला येते?"

"मीच केली ना. लग्न झालं तेव्हा सासू-सासऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची चोरी. शब्द मी करायची, एल्फ अन् त्यांचा इतिहास हे जोडायचे. दोघंच असलो की तेच बोलायचो."

"मला कधी ऐकू आलं नाही," वैजयंती म्हणाली.

"तुझ्यादेखत बोललो असतो तर तूही शिकली असतीस."

वैजयंतीनं विचारलं, "मग दवाखान्यात बाबा…"

"काहीच बोलत नव्हते, बेटा."

"तरी तू माझं ऐकत बसलीस?"

आईनं मेथीची काडी बाजूला टाकली.

"मी जेवल्याशिवाय तू घास घेत नव्हतीस."