पाचवी रेघ

सात रेघा हिरव्या झाल्या आणि पाचवी पुन्हा लाल झाली, तेव्हा सानिकाने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

स्क्रीनवरच्या सर्किट बोर्डाच्या आराखड्यात प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत तांब्याच्या आठ रेघा जात होत्या. आठांवरून निघालेले संदेश एकाच क्षणी पोचायला हवेत, नाहीतर बोर्ड निकामी. म्हणून सगळ्यांची लांबी सारखी करायची; जुळली की रेघ हिरवी, नाहीतर लाल. जवळची रेघ मुद्दाम नागमोडी न्यायची. बाबा म्हणायचे, "लांबची कापता येत नाही. ती पोचेपर्यंत बाकीच्यांनी वळसे घ्यायचे."

पाचवी रेघ बाबांनी काढलेली. ती काढून ते नेहमीसारखे दुखरा गुडघा धरून या खुर्चीतून उठले, ते शेवटचे. त्याला आज एकवीस दिवस. सानिकाने त्या रेघेला कुलूप घातलं होतं. हिला हलवायचं नाही, बाकीच्यांनी हिच्याइतकं व्हायचं, असा नियमच लावून टाकला होता.

सकाळी पाचवी साठ मिलिमीटर होती. तिने सातही साठ केल्या. तपासलं, तर पाचवी बासष्ट. सात बासष्ट केल्या. आता पाचवी चौसष्ट. कुलूप जागच्या जागी.

तिने रेघ मोठी करून पाहिली. बाबांचे वळसे ओळखू यायचे, टोकाशी जरा जास्तच गोल. सकाळी सहा होते, आता आठ. नवे दोनही तसेच गोल.

फोन वाजला. काम देणाऱ्या पुण्याच्या कंपनीतला रितेश.

"ताई, तीनपर्यंत फाइल आली नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. सरांचं म्हणून इतके दिवस धरून ठेवलंय."

"एकच रेघ राहिलीय."

"मग ती उडवा आणि नव्याने काढा. दहा मिनिटांचं काम."

"ती बाबांची आहे."

"तीन वाजता, ताई," तो हळूच म्हणाला.

पाणी प्यायला ती खाली गेली. स्वयंपाकघरात आई बसली होती, पुढ्यात झाकलेली ताटं. कुळथाची पिठी केव्हाच निवली होती.

"आई, तू जेव ना. रोज चार वाजवतेस. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात तुझ्या."

"जेवते गो."

"कुणासाठी थांबतेस?"

"कुणासाठी नाही. पानावर बसलं की वाटतं, हातातलं काम संपवून येतीलच आता. मग घास उतरत नाही." तिने मागच्या दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं. "तू जा. तुझं होऊ दे."

सानिका वर आली. तिने साती रेघा चौसष्ट केल्या. वळसे आता एकमेकांना खेटायला आले होते. आणखी एकाला जागा नव्हती. तिने तपासलं. पाचवी सहासष्ट. मेमरीच्या अगदी दाराशी जाऊन ती पुन्हा मागे फिरली होती.

बराच वेळ ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने कुलूप काढलं.

"बाबा, जा तुम्ही," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

तिथे रिकामी पट्टी उरली. त्या पट्टीत तिने स्वतःच्या हाताने नवी रेघ काढली, चौसष्ट मिलिमीटरची. आठही हिरव्या झाल्या. फाइल गेली तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती.

ती खाली आली, तर आई जेवत होती. अर्धा भात संपला होता.

"हाक मारणार होते तुला," आई ओशाळून म्हणाली. "पण मघाशी जिना वाजला. म्हटलं तू आलीस, म्हणून वाढून घेतलं."

"मी आत्ता उतरतेय, आई."

"माहीत आहे. गुडघा धरून उतरल्यासारखी पावलं होती. एकेका पायरीवर थांबत."

सानिकाने मागच्या दाराकडे पाहिलं. कडी निघालेली होती, दार सताड उघडं. अंगणातल्या चिऱ्यांवर ऊन पडलं होतं.

"लावू का?"

"राहू दे थोडा वेळ," आई म्हणाली आणि पुढचा घास घेतला.