अकरा घरांच्या चुली

किसनरावांना जाऊन आठ तास झाले होते आणि गल्लीतल्या अकराही घरांत अजून चूल पेटली नव्हती. मढं उठेपर्यंत कोणी आग पेटवायची नाही, ही गल्लीची जुनी रीत. पूर्वी ती कोणाला जड गेली नाही. मुलं घरातच असायची, दोन तासांत तिरडी उठायची. आता मुलं पुण्याला होती आणि गल्लीतला सगळ्यात तरुण माणूस म्हणजे सदुसष्ट वर्षांचे रामराव.

रामरावांनीच ऑटो करून फुलसावंगीहून बर्फाची पेटी आणली. दुपारी किसनरावांच्या मुलाचा, नयनचा फोन आला. रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळालं होतं, सकाळी पोहोचणार होता. मढ्याची सकाळपर्यंतची सोय झाली. जित्यांचं काय, हे कोणी बोललं नाही.

पेटीभोवती बसलेल्यांत निम्म्यांना शुगर होती, उरलेल्यांना बीपी. सकाळच्या गोळ्या सवयीने घेऊन झाल्या होत्या, वर घास कोणाच्याच पोटात नव्हता. सगळ्यात वाईट हाल किसनरावांच्या भावजयीचे, बेबीताईंचे होते. वय ऐंशी. साखर उतरून अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. रामरावांनी गुळाचा खडा पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"दीर पडून हाय अन् मी तोंड गोड करू? मेली तरी चालन मले."

रीत राखणाऱ्याही त्याच. तरुणपणी, असंच मढं पडलेलं असताना, गल्लीतल्या एका सुनेची पेटलेली चूल त्यांनी तांब्याभर पाण्याने विझवली होती, बाया अजून ते सांगतात. त्यांना समजवायची छाती कोणाची होणार? चार वाजता त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांची मान कलली. अशाने बाई रात्र काढत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

किसनरावांची बायको मानीबाई इतका वेळ पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि गुडघ्यांवर हात देत आत गेल्या. आतून गॅसच्या लायटरची टकटक ऐकू आली. एकदा, दोनदा. मग चहाचा वास आला.

बाया हादरल्या. "मानीबाई, काय करून राह्यल्या? घरात मढं हाय ना!"

मानीबाई बशी सांभाळत बाहेर आल्या. भरपूर साखर घातलेला चहा होता. त्यांनी जावेचं डोकं मांडीवर घेतलं आणि बशी ओठांना लावली. बेबीताईंनी दात आवळून धरले.

"प्या बाई, पाया पडतो तुमच्या," मानीबाई म्हणाल्या आणि आता कुठे त्यांना रडू फुटलं. "माहं पोरगं उद्या येते अन् तेरवी झाली का जाते. माह्या मढ्यापाशी रातभर बसायले कोणी तं उरा!"