कानसेन

"आला," गाडी चाळीसच्या वर जाताच मुलगी म्हणाली. "बारीक कुईं कुईं. ऐकू येतोय ना, अप्पा?"

अप्पांनी मान डोलावली. त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

टायरची घरघर येत होती, इंजिनाची गुरगुर येत होती. कुईं मात्र कुठेच नव्हतं. त्यांनी काच वर घेतली, रेडिओ बंदच होता तरी त्याचं बटण पुन्हा एकदा दाबलं, आणि डोळे मिटून मान जरा तिरकी केली. अख्खं गाव त्यांना कानसेन म्हणे. पस्तीस वर्षं लोक कुरकुरणाऱ्या गाड्या घेऊन येत, अप्पा शेजारच्या सीटवर बसत, गाडीत कोणी चकार शब्द काढायचा नाही असा दंडक होता, आणि दुसरा चौक येईपर्यंत दुखणं सापडलेलं असे.

त्याच कानांतून गेल्या सहा महिन्यांत बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते. आधी डासांची भुणभुण गेली, तेव्हा बरंच वाटलं. मग किटलीची शिट्टी गेली, मग फोनची रिंग. घरात डॉक्टरचं नाव निघालं, की हल्लीच्या फोनांना दमच नाही असं म्हणून अप्पा गॅरेजकडे चालू लागत. कानसेनच्या कानात यंत्र दिसलं तर गॅरेजात कुत्रं फिरकणार नाही, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. आणि आज सकाळी खुद्द मुलगीच आपली गाडी घेऊन आली होती.

 

ऐकू येत नसलं तरी विचारता येतं, हे त्यांना एकदम सुचलं. लहानपणी ही पोर मागच्या सीटवर ओठ घट्ट मिटून बसायची, आणि परतताना ते तिला विचारायचे, सांग, गाडी काय म्हणते? तोच सूर त्यांनी आता लावला, जणू परीक्षा तिचीच चालली होती.

क्लच दाबून बघ म्हणाले. आवाज तसाच, ती म्हणाली. न्यूट्रलला सोड. तरी तसाच. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं, त्याचा पट्टाही. खडबडीत रस्त्यावर घे, आता गुळगुळीत रस्त्यावर. फरक नाही म्हणाली. म्हणजे टायरही सुटले. अप्पांच्या कपाळावर घाम होता, पण आवाजात जोर चढत चालला होता. मोकळ्या मैदानाला वळसा घालायला लावून त्यांनी विचारलं, डावीकडे वळताना काय होतं?

"वाढतो," ती समोर बघतच म्हणाली. "उजवीकडे वळलं की कमी होतो."

दुखण्याचं निदान आयतं ताटात वाढून आलं. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. पुढून की मागून, एवढंच त्यांनी विचारलं, आणि पुढून म्हणताच मांडीवर थाप मारली. उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. इतकी चोख उत्तरं गिऱ्हाइकाकडून कधी मिळत नाहीत, पण शेवटी मुलगी कोणाची, असंही त्यांच्या मनात आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला.

गॅरेजात त्यांनी जॅक लावून चाक उचललं. एका हाताने चाक फिरवलं, दुसरा तळहात स्प्रिंगवर ठेवला. बिघडलेलं बेअरिंग स्प्रिंगमधून हाताला मुंग्या आणतं. चाक लोण्यासारखं फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, जोरात फिरवलं. वरून खालून धरून हलवून पाहिलं. मग एकेक करून उरलेली तिन्ही चाकं उचलली. हाताला काहीच लागलं नाही, आणि हात त्यांना कधी फसवत नसत.

मुलगी दाराशी उभी होती. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती.

फळीवर नवं बेअरिंग होतं. कोपऱ्यात भंगाराचा डबा होता. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा, हा गॅरेजचा दुसरा दंडक. चांगला भाग बदलायचा नाही, हा पहिला. अप्पा डब्याशी गेले आणि त्यांनी एक जळकं बेअरिंग उचललं. ते बोटावर फिरवलं तर खरखरत होतं. हे तिच्या हातावर ठेवलं की काम झालं. ती निघून जाईल, आवाज राहील, आठवड्याने ती परत येईल, तेव्हाचं तेव्हा. आणि वाटेत चाकच अडकलं तर?

ते बेअरिंग घेऊन तिच्यासमोर आले. तिने हात पुढे केला. लहानपणी खेळण्यांऐवजी बेअरिंगं फिरवलेला हात होता तो. पस्तीस वर्षांत त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं, आणि सुरुवात करायची ती हिच्यापासून, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी मूठ मिटली आणि बेअरिंग परत डब्यात टाकलं.

"चाकात काही नाही," ते म्हणाले. "तुझा तो आवाज मला ऐकूच आला नाही."

ती पुढे आली. त्यांचा काळा, तेलकट हात तिने दोन्ही हातांत धरला, आणि त्यांना नीट ऐकू जावं म्हणून अगदी कानाशी येऊन म्हणाली, "मलाही नाही आला, अप्पा."