ईशान्य कोपरा

“उपासनींकडून हो म्हणवून घेणं म्हणजे माझ्या हातचा मळ!” मी बायकोला ठणकावून सांगितलं. तिसरा मजला चढून चढून तिचे गुडघे कामातून गेले होते. तळमजल्यावरचं एक घर आमच्यासाठी दसऱ्यापर्यंतच थांबणार होतं. त्याआधी आमचा फ्लॅट विकायला हवा होता.

उपासनी आले, दोन कप चहा प्याले, घर आवडलं म्हणाले. गणपतीत पुन्हा आले. “सगळं झकास, फक्त ओटा आग्नेयेला हवा.” मी ओटा फोडून हलवला. पितृपक्षात ते फिरकलेच नाहीत. घटस्थापनेला होकायंत्र घेऊन उगवले.

“अरे देवा, ईशान्येला संडास? देवाच्या जागी? हा आधी काढा. दसऱ्याला टोकन देतो.”

“अहो, हा माणूस घर घेत नाही, नुसता चहा घेतोय,” बायको म्हणाली.

“तू गप बस. विकलंच समज!”

मी गवंडी बोलावला. आठ दिवसांत संडास गेला आणि तिथे संगमरवरी देवघर झालं.

दसऱ्याला उपासनींनी देवघराला हात जोडले. “वा! काय प्रसन्न वाटतंय! बरं, संडास कुठं हलवलात?”

“हलवला नाही. तुम्ही काढा म्हणालात.”

“अहो, बिनसंडासाचं घर कोण घेईल?”

बायकोने त्यांच्या हातातला चहा काढून घेतला.

त्याच संध्याकाळी उपासनींनी समोरच्या सोमणांचा फ्लॅट घेतला. हल्ली सकाळी आम्ही दोघं बादली घेऊन त्यांच्याकडेच जातो.