वाढप्याचं नाव

कुवेतमधल्या अहमदीत, १९५८ साली, तेलकंपनीच्या अमेरिकन साहेबांकडे जेवण रंगलं होतं. साहेब मंदीच्या काळातले आपले कॉलेजचे दिवस सांगत होते.

"आमच्या मेसमधल्या काळ्या वाढप्याला आमच्या टेबलाशी बसायची बंदी होती. मी त्याच्यावर कविता छापली, संप घडवला. कॉलेजने मला काढून टाकलं!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तळलेल्या पापलेटांचा थाळा घेऊन उभ्या असलेल्या रत्नागिरीच्या इद्रीसला राहवलं नाही. या घरात सगळे त्याला 'बॉय' म्हणत.

"साहेब, त्या वाढप्याचं नाव काय होतं?"

साहेबांचा काटा तोंडाशीच थांबला. मान खाली गेली.

"कधी विचारलंच नाही."

इद्रीस तरंगतच स्वयंपाकघरात आला. दोन वर्षं त्याच्या हाताखाली भांडी घासणारा बलुचिस्तानचा गडी मोरीशी बसला होता. त्याला सांगितल्याशिवाय चैन कसलं पडणार!

"ए बलुची, आज साहेबाची कशी जिरवली, ऐक!"

भांडं खाली ठेवून तो हसला. "सांगा ना, इद्रीसभाई."



इद्रीसची मान साहेबांसारखीच खाली गेली.