जुना पार्ट

सुलक्षणाकाकूंनी आपली तीस वर्षांची लाल स्पोर्ट्स कार वाकोल्याला रतनच्या गॅरेजसमोर आणून उभी केली. "रतन, स्टिअरिंग लूज झालंय. सरळ धरलं तरी गाडी भरकटते. दोघा मेकॅनिकांनी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला, फरक शून्य."

रतनने पान्याला हातच लावला नाही. "काकू, आत बसा. स्टिअरिंग नुसतं दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे हलवत राहा." तो गाडीखाली शिरला आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या जोडावर त्याने तळहात ठेवला. वरचा दांडा फिरत होता, खालचा जागचा हलत नव्हता. मधलं रबर फाटलं होतं. "बिचाऱ्या बॉक्सला उगाच छळलं!" तो खालूनच ओरडला.

नवं रबर बसवल्यावर त्याने काकूंनाच गाडी चालवायला लावली. पवईच्या वळणांवर गाडी रेषा सोडेना. शेजारी बसलेल्या रतनच्या हातातला कटिंग चहा थेंबभरही सांडला नाही.

परत आल्यावर त्याने शिरस्त्याप्रमाणे जुना पार्ट गिऱ्हाइकापुढे धरला. खरंच बदललाय, हे दिसावं म्हणून. बाकीचे लोक "फेकून दे" म्हणतात. काकूंनी तो रुमालात बांधून घेतला.

"काय काकू, माझ्यावर भरवसा नाय?"

"तुझ्यावर आहे रे. सहा महिने घरात सगळे म्हणतायत, आईचे हात थरथरतात, आता गाडी विकून टाकू. आज सगळे जेवायला बसले, की हे ताटांच्या मधोमध ठेवते."